संकटातला कौल आणि विरोधी पक्षाचे काम

(बीड जिल्ह्यातील कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)

आणीबाणीच्या घोषणेला २०२५ साली पन्नास वर्षे पूर्ण झाली. त्या निमित्ताने ठिकठिकाणी सभा झाल्या, तुरुंगवास भोगलेल्यांचे सत्कार झाले. ज्यांचा त्या लढ्याशी संबंध होता त्यांनी भाषणे केली, आणि ज्यांचा नव्हता त्यांनी अधिक लांब भाषणे केली. त्या स्मरणसोहळ्यात मी आज भर घालणार नाही. बीड जिल्ह्याच्या संदर्भात एकच प्रश्न मला आपल्यापुढे मांडावयाचा आहे. राष्ट्रावर राजकीय आणि आर्थिक असे दुहेरी संकट कोसळते, तेव्हा विरोधी पक्षाने नेमके करावयाचे काय?

हा प्रश्न बीडमध्येच विचारण्याला कारण आहे. या जिल्ह्याला मागासलेला म्हणण्याची पुण्या-मुंबईच्या पत्रांची जुनी सवय आहे; परंतु राजकीय जाणिवेच्या बाबतीत हा जिल्हा कधीच मागे नव्हता. १९५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत, हैदराबाद राज्यात कम्युनिस्ट पक्षावर बंदी असताना, डाव्यांनी पीपल्स डेमोक्रॅटिक फ्रंटच्या नावाने निवडणूक लढविली आणि बीडने रामचंद्र गोविंद परांजपे यांना लोकसभेत धाडले. १९६५-६६ चे दुष्काळ, अमेरिकन गव्हावरचे परावलंबन आणि १९६६ च्या जूनमधील रुपयाचे अवमूल्यन यांच्या पाठोपाठ आलेल्या १९६७ च्या निवडणुकीत याच जिल्ह्याने साताऱ्याच्या प्रतिसरकारचे क्रांतिसिंह नाना पाटील यांना निवडून दिले. माणूस दुसऱ्या जिल्ह्यातला, पक्ष कम्युनिस्ट, तरीही! १९७७ मध्ये मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाचे गंगाधरअप्पा बुरांडे आले. १९८९ मध्ये जनता दलाचे बबनराव ढाकणे आले. चार वेळा देश अडचणीत आला आणि चार वेळा बीडने डाव्या वा समाजवादी विचाराच्या विरोधकाला कौल दिला.

आता या यादीची दुसरी बाजू पाहा. परांजप्यांच्या नंतर १९५७ मध्ये काँग्रेस. नाना पाटलांच्या नंतर १९७१ मध्ये 'गरिबी हटाव'च्या लाटेत काँग्रेस. बुरांडे यांच्या नंतर १९८० मध्ये केशरबाई क्षीरसागर, म्हणजे इंदिरा काँग्रेस. ढाकणे यांच्या नंतर १९९१ मध्ये पुन्हा केशरबाईच. एकाही कौलाला दुसरी मुदत लाभली नाही. हा योगायोग म्हणून सोडून देणे सोयीचे आहे. लाट आली, लाट गेली, असे म्हटले की कार्यकर्त्याला झोप चांगली लागते. माझे म्हणणे निराळे आहे. संकट विरोधी पक्षाला मते देते. पक्ष देत नाही. पक्ष त्याने संकटाच्या आधी आणि संकट ओसरल्यानंतर बांधावयाचा असतो, आणि तो जेथे बांधावयाचा ती जागा या जिल्ह्यात नेहमी एकच राहिली आहे. ती म्हणजे मजुराच्या कामाचे मोजमाप जेथे होते ती जागा.

हे नीट कळण्यासाठी १९७२ च्या दुष्काळाकडे जावे लागते. सलग दोन वर्षे पावसाने दगा दिला होता, आणि १९७२ चा खरीप व त्यानंतरची रब्बी दोन्ही हातून गेल्या. राज्यभर सरकारने दुष्काळी कामे काढली. १९७३ च्या मे महिन्यात महाराष्ट्रात या कामांवर पन्नास लाखांच्या आसपास माणसे राबत होती. पाझर तलाव, नाला-बांध, रस्ते, खडी फोडणे. बायका आणि पुरुष जवळजवळ बरोबरीने. पोटाला अमेरिकेहून आलेला तांबडा मिलो आणि सरकारने वाटलेली सुकडी. ज्यांच्या घरात चार बैल होते ते शेतकरीही त्या रांगेत उभे राहिले. दुष्काळाने त्या एका उन्हाळ्यापुरती जातीची आणि जमिनीची उतरंड थोडी विसकटली, हे आपल्याकडील म्हातारी माणसे आजही सांगतात.

या कामावर मजुरी मिळत असे ती दिवसाच्या हिशेबाने नव्हे, मापाच्या हिशेबाने. किती ब्रास खडी फोडली, किती घनफूट माती काढली, त्यावर रोज ठरे. माती मऊ की मुरमाड, पाटी किती अंतरावर टाकावयाची, यावर दर बदलत. आणि हे सारे ठरविणार कोण? हाती टेप असलेला मैलकुली किंवा कारकून, त्याच्यावर ओव्हरसियर, आणि हजेरीपटावर अंगठे घेणारा मुकादम. टेप सैल धरला तर मजुराच्या हातात तीन रुपये पडत, ताणून धरला तर दीड. हजेरीपटावर मेलेल्यांची नावे चढत आणि जिवंतांची गळत. पगार आठवड्याचा म्हणून सांगितला जाई आणि पंधरा-पंधरा दिवस लांबे. पन्नास लाख माणसांचे पोट असे एका फितीवर आले होते.

त्या काळी महाराष्ट्रातील विरोधी पक्षांनी, म्हणजे समाजवादी, शेतकरी कामगार पक्ष, दोन्ही कम्युनिस्ट पक्ष आणि लाल निशाण यांनी, जे काम केले त्याची थोरवी मला येथे दिसते. सरकार नालायक आहे, एवढे ओरडून ते थांबले नाहीत. ते कामावर गेले. पुन्हा मोजणी करा, पगार आठवड्याला करा, पिण्याच्या पाण्याची आणि सावलीची सोय करा, लहान मुलांसाठी झोळ्या बांधावयास जागा द्या, काम मागेल त्याला काम द्या, या मागण्यांसाठी मोर्चे निघाले, घेराव झाले, हरताळ झाले. त्याच सुमारास मुंबईत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर, तारा रेड्डी यांनी निरनिराळ्या पक्षांच्या स्त्रियांना महागाईविरुद्ध एकत्र आणले आणि लाटणे हाती घेतलेल्या बायका रस्त्यावर उतरल्या. मुंबईची गृहिणी रॉकेल आणि तेलाचा भाव विचारीत होती, बीडची मजूर बाई मातीचे माप विचारीत होती. दोघींचा प्रश्न एकच होता आणि तो अगदी मोजता येण्याजोगा होता.

रोजगार हमीचा इतिहास सांगताना आपल्या बाजूचे वक्ते तो कायदा विरोधकांनी सरकारच्या घशातून काढला असे सांगतात, आणि काँग्रेसची मंडळी वि. स. पागे यांचे नाव घेतात. दोन्हींत तथ्य आहे. विधान परिषदेचे सभापती पागे यांनी कल्पना मांडली, १९६५ साली विसापूर येथे तिचा प्रयोग झाला, हे श्रेय त्या सज्जन माणसाकडून हिरावून घेण्याचे कारण नाही. परंतु योजना सरकारच्या मर्जीवर चालते आणि कायदा मजुराच्या हक्कावर. योजनेचा कायदा व्हावा यासाठी जो रेटा लागला तो दुष्काळी कामांवरील माणसांचा आणि त्यांना संघटित करणाऱ्या पक्षांचा होता. १९७७ मध्ये तो कायदा एकमताने संमत झाला व २६ जानेवारी १९७९ पासून अंमलात आला. काम मागितल्यापासून पंधरा दिवसांत न दिल्यास दिवसाला निदान एक रुपया भत्ता द्यावा, अशी तरतूद त्यात होती. एक रुपया ही रक्कम हास्यास्पद होती. पण सरकार भूमिहीनाचे देणे लागते हे त्या रुपयाने मान्य केले. २००५ साली देशाने ग्रामीण रोजगार हमीचा कायदा केला, त्याची मुळे आपल्याकडील या मातीकामात आहेत.

दरम्यान दिल्लीत काय चालले होते ते थोडक्यात सांगतो, कारण ते आपण सर्वांनी वाचलेले आहे. बांगलादेशच्या युद्धाचा आणि निर्वासितांचा भार, १९७३ च्या अखेरीस तेलाच्या किमतींनी घेतलेली झेप, घाऊक गव्हाचा व्यापार सरकारने हाती घेण्याचा फसलेला प्रयोग. १९७४-७५ मध्ये घाऊक किमतींची वाढ शेकडा पंचविसाच्या घरात गेली. सरकारने त्यावर उपाय काढला तो कामगाराच्या खिशातून : १९७४ च्या वटहुकुमाने वाढीव पगार संपूर्ण आणि वाढीव महागाई भत्त्याचा निम्मा भाग सक्तीने ठेवीत टाकण्यात आला. मे १९७४ मधील रेल्वे कामगारांचा संप, ज्याचे नेतृत्व जॉर्ज फर्नांडिस करीत होते, वीस दिवसांत चिरडला गेला. मराठवाड्यात त्याच वर्षी विकासाच्या मागणीसाठी तरुण रस्त्यावर आले आणि वसमतला गोळीबार झाला. १२ जून १९७५ रोजी अलाहाबादचा निकाल लागला आणि २५ जूनच्या रात्री आणीबाणी आली. आणीबाणी हे केवळ एका बाईंच्या खुर्चीचे प्रकरण होते असे जे मानतात, ते हा अगोदरचा हिशेब विसरतात. सप्टेंबर १९७५ मध्ये किमान बोनस शेकडा ८.३३ वरून ४ वर आणला गेला, हे त्याच हिशेबातले पुढचे पान होते.

आता मी त्या वेळच्या एका युक्तिवादाकडे वळतो. तो वेगवेगळ्या वेषांत पुन्हा पुन्हा येत असतो, म्हणून त्यावर जरा थांबले पाहिजे. भारतीय कम्युनिस्ट पक्षाने आणीबाणीला पाठिंबा दिला. त्यांचा विचार मूर्खपणाचा नव्हता. ते म्हणत, वीस कलमी कार्यक्रमात शेतमजुरांचे किमान वेतन आहे, वेठबिगारीवर बंदी आहे, ग्रामीण कर्जातून मुक्ती आहे. भुकेल्या माणसाला वृत्तपत्रस्वातंत्र्याचे काय? महाराष्ट्रात १९७५ मध्ये लहान शेतकरी, कारागीर आणि मजूर यांची सावकारी कर्जे रद्द करणारा कायदा झालाही. कागदावर पाहिले तर आपण वर्षानुवर्षे जे मागत होतो त्यातले पुष्कळसे एका फटक्यात मिळाले होते.

परंतु मातीकामाच्या जागेवर उभे राहून हा युक्तिवाद तपासून पाहा. किमान वेतन सरकारने जाहीर केले. टेप कोणाच्या हातात राहिला? ज्याच्या हातात होता त्याच्याच. पूर्वी त्याने माप चोरले तर शंभर माणसे तहसील कचेरीवर जाऊन बसत. आता जमावबंदी होती, पुढारी मिसाखाली आत होते, वृत्तपत्रात बातमी येत नव्हती. मजुरीचा दर वाढला आणि ती मागण्याचे तोंड बंद झाले. कर्जमुक्तीचेही तसेच. सावकाराने वही मिटली आणि नवे कर्ज देणे बंद केले. त्याच्या जागी बँक आली नाही, सोसायटी आली नाही. पोरीच्या लग्नाला आणि म्हाताऱ्याच्या औषधाला पैसे आणावयाचे कोठून? ऊसतोडीच्या मुकादमाची उचल तेवढी उरली. भाकरी आणि लोकशाही यांत निवड करा असे सांगणाऱ्याने मोजमापाची जागा पाहिलेली नसते. तेथे सभा भरविण्याचा हक्क गेला की भाकरीची चतकोर त्याच संध्याकाळी कमी होते.

बीडच्या मतदाराने याचा निवाडा फार स्पष्ट दिला. १९६७ मध्ये ज्याने कम्युनिस्ट पक्षाचा उमेदवार निवडला, त्याने १९७७ मध्ये आणीबाणीला विरोध करणारा मार्क्सवादी निवडला. देशात कम्युनिस्ट पक्ष सात जागांवर आला, मार्क्सवादी पक्षाला बावीस मिळाल्या. पुढे १९७८ च्या भटिंडा अधिवेशनात कम्युनिस्ट पक्षाने आणीबाणीचा पाठिंबा चुकीचा होता असे मान्य केले, हे त्या पक्षाच्या बाजूने नोंदविले पाहिजे. असा कबुलीजबाब देणारे पक्ष आपल्या देशात फार नाहीत. क्रांतिसिंह मात्र हा निकाल पाहण्यास राहिले नव्हते. ६ डिसेंबर १९७६ रोजी, आणीबाणी चालू असतानाच, ते गेले.

१९७७ ची निवडणूक विरोधकांनी शहाणपणाने लढविली. लातुरात उद्धवराव पाटील, नांदेडला केशवराव धोंडगे, तेव्हाच्या औरंगाबादेत बापू काळदाते, बीडमध्ये बुरांडे. जनता पक्ष, शेतकरी कामगार पक्ष, मार्क्सवादी यांनी एकमेकांच्या वाटेत उमेदवार उभे करण्याचे टाळले आणि महाराष्ट्राच्या अठ्ठेचाळीस जागांपैकी अठ्ठावीस काँग्रेसबाहेर गेल्या. एका मुद्द्यावर एकत्र येणे शक्य असते, हे त्यातून सिद्ध झाले. समाजवादी पक्षाने मात्र यापुढची पायरी गाठली आणि स्वतःला जनता पक्षात विसर्जित केले. त्या निर्णयाविषयी थोरामोठ्यांचे मतभेद होते आणि आहेत. माझे मत असे की, ज्या पक्षाने दुष्काळी कामावर स्वतःचे कार्यकर्ते तयार केले होते, त्याने आपली तालुक्यातील कचेरी बंद करून दिल्लीतील एका मोठ्या दिवाणखान्यात खुर्ची घेतली. सव्वादोन वर्षांत तो दिवाणखाना मोडला. तोवर तालुक्यातील कचेरीच्या जागी कापडाचे दुकान आले होते.

परीक्षा त्याच्या आधीच झाली होती, आणि ती मराठवाड्यातच झाली. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव केला. राज्यात पुरोगामी लोकशाही दलाचे सरकार येऊन जेमतेम दहा दिवस झाले होते. त्यानंतर मराठवाड्याच्या खेड्यांत दलित वस्त्या जळाल्या, माणसे मारली गेली, कुटुंबेच्या कुटुंबे गाव सोडून गेली. साथींनो, त्या वस्त्यांत कोण राहत होते? पाच वर्षांपूर्वी पाझर तलावावर माती वाहणारी तीच माणसे. सरकारी कामावर रोजगार मिळू लागल्यामुळे गावातल्या वाड्यावर सालगडी म्हणून राबण्यास नकार देण्याचे बळ त्यांच्या अंगी थोडेसे आले होते, आणि माझ्या मते विद्यापीठाच्या नावाइतकाच हाही राग त्या आगीत होता. एस. एम. जोशींसारखा वयोवृद्ध नेता नामांतराच्या बाजूने खंबीर उभा राहिला आणि त्याने त्याबद्दल अपमान सोसला. पण आणीबाणीत लोकशाहीसाठी झगडलेल्या पक्षांचे कितीतरी स्थानिक पुढारी त्या दिवसांत घरात बसले, काही तर उघडपणे दुसऱ्या बाजूला गेले. मतदारसंघ सांभाळावयाचा होता! नामांतर झाले ते १४ जानेवारी १९९४ रोजी, सोळा वर्षांनी. दिल्लीतील हुकूमशाहीविरुद्ध मिळालेला कौल गावाच्या वेशीपर्यंत नेण्याचे काम ज्यांनी टाळले, त्यांचा तो कौल १९८० च्या जानेवारीत गेला याचे मला आश्चर्य वाटत नाही.

मग ती मजूर माणसे गेली कोठे? ती कारखान्यावर गेली. दुष्काळानंतरच्या दशकांत पश्चिम महाराष्ट्रात साखर कारखाने वाढत गेले आणि आष्टी, पाटोदा, धारूर, केज, वडवणी या भागांतून कोयते निघत राहिले. नवरा-बायको मिळून एक कोयता, हा हिशेब आपल्याला सांगावयास नको. दसऱ्यापूर्वी मुकादमाकडून उचल घ्यावयाची, सहा महिने पाचटाच्या खोपीत राहून ती फेडावयाची, आणि हिशेबात बाकी राहिली तर पुढच्या हंगामाला तीच डोक्यावर. १९७६ च्या वेठबिगार निर्मूलन कायद्याची व्याख्या वाचून पाहा आणि मग उचलीची चिठ्ठी वाचून पाहा. येथेही माप आहेच : टन किती भरले, गाडीत किती तूट धरली, खाडा किती कापला. काटा कारखान्याच्या आवारात आणि वही मुकादमाच्या खिशात.

या माणसांमागे राहिले कोण? डाव्या संघटना या क्षेत्रात नव्हत्या असे नाही. बबनराव ढाकणे यांनीही ऊसतोड कामगारांचे लढे लढविले आणि १९८९ च्या त्यांच्या विजयामागे ती पुण्याई होती. पण ते खासदार झाले, मग चंद्रशेखरांच्या मंत्रिमंडळात गेले, आणि लोकसभाच दीड वर्षात बरखास्त झाली. त्यानंतर ऊसतोड कामगारांच्या दराचा लवाद म्हटला की एका बाजूला शरद पवार आणि दुसऱ्या बाजूला गोपीनाथ मुंडे, असे समीकरण महाराष्ट्राने वर्षानुवर्षे पाहिले. मुंड्यांच्या पक्षाचा विचार आपल्याला मान्य नाही. त्या लवादात मुकादम आणि मजूर एकाच बाजूला बसविले जात, हा त्यातील मोठा दोषही होता. तरीही हंगामाच्या तोंडी मजुराचा दर कोण बोलतो, हे त्या मजुराला ठाऊक होते. जातीचे पाठबळ त्यांना होते हे खरे. परंतु केवळ जातीने त्यांचे यश समजावून सांगणारे आपले मित्र स्वतःचे चाळीस वर्षांचे दौरे कोठे होते हे सांगत नाहीत.

२०१९ मध्ये या जिल्ह्यातील ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांचे प्रकरण गाजले. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीने पाहणी केली, त्यात सुमारे ८२ हजार स्त्रियांपैकी १३ हजारांहून अधिक स्त्रियांची ही शस्त्रक्रिया झाल्याचे आढळले. हे प्रकरण पुढे आणले ते स्त्रियांच्या संघटनांनी आणि पत्रकारांनी. एकाही विरोधी पक्षाच्या तालुका शाखेकडे त्याची वही नव्हती. पाळीच्या दिवसांत खाडा पडतो म्हणून बाई शस्त्रक्रियेला तयार होते, ही गोष्ट ज्या पक्षाला वर्तमानपत्रातून कळते, त्याने आपण श्रमिकांचा पक्ष आहोत असे म्हणताना आवाज थोडा खाली ठेवावा.

आणि अगदी अलीकडचे. जून २०२४ मध्ये बीडने पुन्हा विरोधी बाजूचा खासदार निवडला, साडेसहा हजारांच्या फरकाने. सोयाबीन-कापसाचे पडलेले भाव त्या निकालात होते आणि आरक्षणाच्या प्रश्नावरून जातीजातींत पडलेली फूटही होती. किती काय होते ते वेगळे करणे अवघड आहे. राज्यात अठ्ठेचाळीसपैकी तीस जागा विरोधी आघाडीने जिंकल्या. पाच महिन्यांनी विधानसभेच्या निवडणुकीत तीच आघाडी पन्नास जागांच्या आसपास थांबली आणि बीड जिल्ह्यातील सहापैकी एकच जागा तिच्याकडे राहिली. पूर्वी कौल ओसरण्यास दोन ते पाच वर्षे लागत. आता पाच महिने पुरतात.

पुढची आघाडी कोणाशी करावयाची, यावर या अभ्यासवर्गात काल बरीच चर्चा झाली. आघाडी करावी, अवश्य करावी; १९७७ प्रमाणे एका मुद्द्यावर करावी आणि आपली वही आपल्याजवळ ठेवावी. पण ती चर्चा राज्य समिती करीलच. जिल्हा शाखेने करावयाचे काम निराळे आहे आणि ते दसऱ्याच्या आत संपवावयाचे आहे. प्रत्येक तालुक्यातून दहा गावे निवडावयाची. कोयते किती निघणार, कोणत्या कारखान्याला, कोणत्या मुकादमाबरोबर, उचल किती, मागील बाकी किती, बरोबर जाणारी शाळकरी मुले किती, हे घरोघर जाऊन लिहून घ्यावयाचे. चिठ्ठीची एक प्रत मजुराजवळ राहील असे पाहावयाचे. हंगामात महिन्यातून एकदा दोघा कार्यकर्त्यांनी फडावर जाऊन काट्याच्या पावत्या तपासावयाच्या, आणि त्यांतील एक स्त्री कार्यकर्ती असलीच पाहिजे. प्रवासखर्च जिल्हा शाखा देईल. धारूर आणि पाटोद्याच्या गावांची यादी आली आहे. आष्टीची अर्धी आली आहे. केज आणि वडवणीच्या साथींनी आज जेवणाच्या सुट्टीपूर्वी ती चिटणीसांच्या हाती द्यावी.